अक्का गोलमध्ये उभी राहायची

फोन आला तेव्हा मी घोट्याला पट्टी गुंडाळत होते. केरळमधल्या आमच्या क्लबच्या मैदानावर सकाळचा सराव सुरू व्हायला दहाएक मिनिटं होती. भावेश, माझा धाकटा भाऊ, सरावाच्या वेळेला कधी फोन करत नाही. “ताई, अक्का उठलीच नाही,” एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, काहीतरी बिनसलं असेल, रुसून झोपली असेल. “मग उठव ना तिला,” मी म्हटलं. पलीकडून, त्याच्या मागे, आईचं रडणं ऐकू आलं.

विमान, मग रेल्वे असं करत दुसऱ्या दिवशी सकाळी जळगाव स्टेशनवर उतरले. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरापर्यंत रिक्षाने आले, तर दारात आबा उभे होते. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाले, “थांबता आलं नाही गं. ऊन फार होतं.” जळगावचा मे महिना. आदल्या दिवशी दुपारीच सगळं आटोपलं होतं. मला अक्काचा चेहरा पाहता आला नाही.

याला आता सहा आठवडे झाले. अक्का माझी आत्या, आबांची मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत ती माहेरी परत आली ती कायमची. का आली, हे आमच्या घरात कुणी बोलत नसे, आणि आम्ही मुलं विचारत नसू. आबा तिला अक्का म्हणत म्हणून आई म्हणे, आई म्हणे म्हणून आम्ही, आणि मग गल्लीही. तिचं नाव यमुना आहे हे मला शाळेत गेल्यावर कळलं. मी आज फुटबॉल खेळून पोट भरते. स्ट्रायकर आहे, म्हणजे गोल करणं हेच माझं काम. मुलाखतीत कुणी विचारलं की तुझे पहिले प्रशिक्षक कोण, तर मी दोंडाईच्याच्या शाळेतल्या महाजन सरांचं नाव सांगते, आणि ते खरंच आहे. पण मी आयुष्यातले पहिले हजारभर गोल कुणावर मारले, हे मला कुणी विचारलं नाही आणि एकदा सोडून मीही कधी सांगितलं नाही. ते आज सांगायचं आहे.

तेव्हा आम्ही दोंडाईच्याला राहायचो. आबा एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडे टेम्पो चालवायचे. अक्का त्याच शेठजींकडे मिरचीचे देठ खुडायला जायची. गावाबाहेर मिरची वाळत घालायचं मोठं मोकळं मैदान होतं, आमच्याकडे त्याला पथारी म्हणतात. हंगामात ते लालभडक असायचं, तिथे पाय ठेवायची सोय नसे. होळीच्या आसपास मिरची उचलली गेली, की पुढे पावसापर्यंत ती सगळी जमीन आमची. दाबून कडक झालेली, सपाट, दगड नावाला नाही. मी सहावीत असताना महाजन सरांनी मुलींचा फुटबॉल संघ काढला आणि मी जोरात पळते म्हणून मला पुढे खेळायला लावलं. शाळेतला सराव आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस मी शाळेचा जुना चेंडू घरी आणून पथारीवर मुलांबरोबर खेळायचे. ते आईला पसंत नव्हतं. आबांना तर नव्हतंच. शेवटी आईने तोड काढली. “अक्का, तुम्ही जा हिच्यासंगे. तुम्ही बसलेल्या असल्या म्हणजे कोणी काही बोलणार नाही.”

म्हणून अक्का यायची. कामावरून आली की हातपाय धुऊन, चहा पिऊन माझ्या मागे मागे चालत. एका कडेला पोत्यांच्या थप्पीवर बसायची आणि खेळाकडे पाठ करून रस्त्यावरची रहदारी बघायची. तिला त्या खेळात काडीचा रस नव्हता. मग एक दिवस असं झालं, की मुलांनी मला खेळायला घेतलं नाही. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्यावर चार गोल मारले होते आणि त्यातल्या एकाला घरी चिडवलं गेलं होतं. मी चेंडू पायाखाली धरून रडायच्या बेतात उभी. अक्का उठली. नऊवारीचा काष्टा तिने खेचून घट्ट केला, पदर कमरेला खोचला, रबरी चपला काढून त्यांचाच एका बाजूचा खांब केला, दुसऱ्या बाजूला रिकामं पोतं टाकलं आणि मधे जाऊन उभी राहिली.

“मी उभी ऱ्हास,” ती म्हणाली. “तू मार. पण आंगवर मारू नको व.”

पहिला चेंडू मी मारला तेव्हा अक्काने डोळे गच्च मिटून घेतले आणि दोन्ही हात तोंडावर धरले. चेंडू तिच्या शेजारून गेला. तो लांब, मिरची तोलायच्या काट्यापर्यंत गेला आणि ती स्वतः जाऊन तो घेऊन आली. त्या दिवशी मी किती वेळा मारला आणि ती किती वेळा आणायला गेली ते आठवत नाही... अंधार पडायच्या आत आम्ही परत फिरलो तेव्हा ती दमली होती आणि मी आनंदात होते, एवढं आठवतं. दुसऱ्या दिवशी ती आपणहून जाऊन उभी राहिली.

चार वर्षं ती उभी राहिली. पथारी मोकळी असली की सुट्टी नाही, सण नाही, रोज. सुरुवातीला रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे, हसायचे. एकदा तिच्याच कामावरच्या बायका हसत होत्या, तर ती मला म्हणाली, “बठ्ठा देखी ऱ्हायनात. नीट मार.” बठ्ठा म्हणजे सगळे. देठ खुडून तिच्या बोटांची आग व्हायची. चेंडू हातावर आदळला की ती हात झटकून ओठ दाबायची. मी पडले, खरचटलं, रडले तरी ती मला हाताने कधी पुसायची नाही. हाताला मिरची असायची ना... ती मनगटाच्या मागच्या बाजूने माझे डोळे पुसायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच बायका मुलांचे डोळे असेच पुसतात.

साधारण वर्षभराने एक विचित्र गोष्ट सुरू झाली. अक्का गोल अडवायला लागली. तिला उडी मारता येत नव्हती, नीट वाकताही येत नव्हतं. पण मी मारायच्या आधीच ती त्या बाजूला सरकलेली असायची. मी डावीकडे मारला तर ती डावीकडे. उजवीकडे मारला तर उजवीकडे. मला राग यायला लागला. “तुला कसं कळतं गं?” मी एकदा चिडून विचारलं.

“तू जठे देखस, तठेच मारस,” ती म्हणाली. तू जिथे बघतेस तिथेच मारतेस, बस, एवढंच. तिला ते फार साधं वाटत होतं.

मग आमच्यात जणू भांडणच लागलं. मी बघायचं एकीकडे आणि मारायचं दुसरीकडे असं करायला लागले, तर ती खांद्यावरून ओळखायची. खांदा आवरला तर पायाच्या चवड्यावरून. दोन वर्षं मी तिला फसवायला शिकत होते आणि ती न फसायला. धुळ्याला जिल्ह्याच्या निवड चाचणीला मी चौदाव्या वर्षी गेले, तेव्हा तिथल्या प्रशिक्षकांनी महाजन सरांना बाजूला घेऊन विचारलं, “ही पोरगी मारताना काही कळूच देत नाही. हे तुम्ही शिकवलंत?” सर प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, “नाही बुवा. कुठून शिकली कोणास ठाऊक.” मी शेजारीच उभी होते. मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. नऊवारीतली आत्या माझी गोलकीपर आहे, हे त्या चकचकीत बूट घातलेल्या मुलींसमोर सांगायची मला लाज वाटली. हे मी आज लिहू शकते, तेव्हा कबूल करू शकले नसते.

पुढे शिरपूरला क्रीडा वसतिगृहात जागा मिळाली. अक्का दर पंधरा दिवसांनी एसटीने यायची, डब्यात भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन. मुलींना तिचं भरीत एवढं आवडायचं की ती येणार म्हटलं की कुणी मेसमध्ये जेवायचं नाही. ती मैदानाच्या कडेला बसून आमचा सराव बघायची, आणि जाताना मला सांगायची ते नेहमी गोलमध्ये उभ्या असलेल्या मुलीबद्दल. तिचे गुडघे फुटलेत, तिला हातमोजे नाहीत का, तिला कुणी पाणी का देत नाही... मी किती गोल केले ते तिने एकदाही विचारलं नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. बंगळुरूच्या एका क्लबने करारासाठी बोलावलं, आणि शिंदखेड्याकडचं एक स्थळ आलं. मंडळी चांगली होती, शेती होती, मुलगा शिकलेला. चहा पिता पिता मुलाचे काका हसत म्हणाले, “खेळणं काय, लग्नाआधीची हौस असते पोरींची. आमचं काही म्हणणं नाही, आत्तापर्यंत खेळली ते खेळली.” आबाही हसले. मी पोह्यांच्या रिकाम्या बशा गोळा करत होते. पाहुणे गेल्यावर आबा आईला म्हणाले, “होकार कळवून टाकू.” कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही.

अक्का चुलीजवळून उठून आली. ती आबांच्या समोर कधी मोठ्याने बोलत नसे. तेव्हाही मोठ्याने बोलली नाही.

“माले दिधी, तवय माले कोणी इचारं नही,” ती म्हणाली. “हिले तरी इचार.”

एवढंच. आबांनी मान खाली घातली. आई भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर गल्लीत कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. मग आबांनी मला विचारलं. चेहरा न उचलता, जमिनीकडे बघत विचारलं, पण विचारलं. “तुझं काय म्हणणं आहे, दीपाली?” मी म्हटलं, “मला खेळायचं आहे.” चार दिवसांनी आबा स्वतः मला गाडीत बसवून द्यायला आले. अक्का आली नाही. तिने घरातूनच निरोप दिला, आणि डब्यावर फडकं बांधताना गाठ मारायला नको तेवढा वेळ लावला.

खेळाचं बरंच काही लिहिता येईल. पहिल्या हंगामात मी बहुतेक वेळ बाकावर बसले. दुसऱ्या हंगामात गोल झाले, एका वर्तमानपत्रात मुलाखत आली. त्यात महाजन सर होते, आई-आबांचा त्याग होता, अक्काचं नाव नव्हतं. भावेशने ती मुलाखत तिला वाचून दाखवली. तिने आणखी एकदा वाचायला सांगितली आणि मग कात्रण घडी घालून देवाच्या फळीवर ठेवलं. हे भावेशने मला आता, अक्काचे दिवस झाल्यावर सांगितलं... भारतीय संघाच्या शिबिराला बोलावणं आलं, अंतिम यादीत नाव आलं नाही. पुन्हा बोलावतील असं म्हणाले. आणि त्यानंतरच्या हंगामात, एका अगदी साध्या सामन्यात, कुणाचा धक्का नाही, काही नाही, वळताना माझा उजवा गुडघा आत वळला. लिगामेंट तुटलं होतं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, नऊ महिने. क्लबने करार पुढे वाढवला नाही.

तोवर भावेशला जळगावात नोकरी लागली होती आणि सगळे पिंप्राळ्याला राहायला आले होते. मी कुबड्या घेऊन त्या नव्या घरात आले. माझ्या ओळखीचं तिथे काही नव्हतं, अक्का सोडून. ती आता थकली होती, गुडघ्यांना तेल चोळत बसायची. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून आपापले गुडघे चोळायचो आणि हसायचो. पण मी आतून पार खचले होते. सातव्या महिन्यात पळायची परवानगी मिळाली, नंतर चेंडू मारायची. कॉलनीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट होता. मी तिथे जायचे आणि चेंडूपाशी जाऊन थांबायचे. पाय उचलायचा नाही. वाटायचं, आत्ता काहीतरी कटकन तुटेल. मी घरी सांगायचे, आज दहा मिनिटं मारले. खोटं सांगायचे.

एका सकाळी अक्का माझ्या आधी तिथे जाऊन उभी होती. दोन विटांच्या मधे, साठीला आलेली बाई, काष्टा घट्ट करून. मी म्हटलं, “अक्का, वेडी झालीस का? लागेल तुला.” ती हलली नाही. मी चेंडू हळूच तिच्याकडे ढकलला. तिने तो पायाने अडवला आणि परत लोटला.

“मन्हावर दया करी ऱ्हायनी का?” ती म्हणाली. “जोरमा मार.”

मी मारला. जोरात मारला. गुडघ्याला काही झालं नाही. चेंडू तिच्या उजवीकडे जायला हवा होता आणि ती आधीच उजवीकडे सरकली होती. तो तिच्या पोटावर बसला आणि ती मटकन खाली बसली. मी धावत गेले. ती हसत होती, दम लागला होता, तरी हसत होती. मी तिच्या शेजारी मातीत बसले आणि इतक्या वर्षांनी पुन्हा विचारलं, “अक्का, तुला अजून कसं कळतं गं? मोठमोठ्या गोलकीपरना कळत नाही.”

ती चेंडूवरची माती झटकत राहिली. मग म्हणाली, “मारनारा पह्यले देखस, मंग मारस.”

मला वाटलं ती माझ्याबद्दलच बोलतेय. मग तिने सासरचं सांगितलं. माझ्याकडे न बघता, अगदी सरळ आवाजात. तो गालाकडे बघायचा आणि गालावर मारायचा. पाठीकडे बघायचा आणि पाठीवर. पहिल्या वर्षी तिला कळायचं नाही. दुसऱ्या वर्षी कळायला लागलं, कधी कधी चुकवताही यायला लागलं, आणि ती चुकवते म्हणून तो जास्त चिडायला लागला. मग एका सकाळी ती पाण्याचा हंडा विहिरीवर ठेवून तशीच एसटीत बसली. “तठे शिकनेल शे,” ती म्हणाली. तिथे शिकलेली आहे...

चार वर्षं मी त्या बाईच्या समोर उभी राहून रोज पाय उगारत होते. पहिल्या दिवशी तिने डोळे का मिटले होते, तोंडावर हात का धरले होते, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन का उभी राहिली होती... मी तिचा हात धरला. मी म्हटलं, “मग तू कशाला उभी राहायचीस गं माझ्यासमोर?” तिला या प्रश्नाचं नवल वाटलं. “तू मन्ही आंडेर शे ना,” ती म्हणाली. आंडेर म्हणजे मुलगी. मग हात टेकत उठली आणि म्हणाली, चल, अजून पंधरा मार.

सहा महिन्यांनी केरळच्या क्लबने मला घेतलं. परतल्यानंतरच्या तिसऱ्या सामन्यात शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली आणि कप्तानाने चेंडू माझ्या हातात दिला. समोरची गोलकीपर कोवळी मुलगी होती, बहुधा पहिलाच हंगाम असावा. मी मान वर केली आणि कोपऱ्याकडे न बघता थेट तिच्या डोळ्यांत बघितलं. तिला काहीच कळलं नाही. गोल झाला, आम्ही जिंकलो. घरी सगळे मोबाइलवर बघत होते. फोन केला तर भावेश ओरडत होता. मग अक्काने फोन घेतला.

“गोलमा उभी व्हती ती पोर रडी ऱ्हायनी व्हती,” ती म्हणाली. “तिले भेटनी का तू?”

भेटले नव्हते. मी तशीच मोजे घातलेल्या पायांनी त्यांच्या खोलीपर्यंत गेले. ती मुलगी बाकावर बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि कुणाला कधीच न सांगितलेली गोष्ट तिला सांगितली, की मी गोल मारायला कुणाकडून शिकले.

अक्का गेल्यावर बाराव्या दिवशी सकाळी सहा वाजता आमच्या दाराची कडी वाजली. मी उघडलं तर पाच-सहा मुली, आठ ते बारा वर्षांच्या, कॉलनीतल्याच. एकीच्या काखेत चेंडू. “ताई, आता अक्का नाहीत तर आम्ही काय करायचं?” त्यातली एक म्हणाली. मला काही समजेना. आई मागून म्हणाली, अगं, गेल्या दिवाळीपासून रोज जात होत्या अक्का यांच्यासंगे. तुला बोलल्या नाहीत का? नाही. मला बोलली नव्हती. फोनवर मी विचारायचे, दिवसभर काय करतेस, तर म्हणायची, काय करणार, बसते.

मी त्यांच्याबरोबर प्लॉटवर गेले. त्यांनी दोन विटा लावल्या. मी आयुष्यात कधी गोलमध्ये उभी राहिले नव्हते. तिथून मैदान फार वेगळं दिसतं. मारणारी केवढी मोठी दिसते, मग ती नऊ वर्षांची का असेना. पहिली मुलगी चेंडूमागे गेली, तिने खाली मान घालून जोरात जमिनीलगत चेंडू मारला. मी वाकून सहज अडवला आणि तो हाताला लागून लांब गेला.

ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिला ते अजिबात मान्य नव्हतं.

“अक्कांना वाकता यायचं नाही,” ती म्हणाली. “अक्का असत्या तर हा गोल होता.”

“बरं,” मी म्हटलं. “गोल धर.”

आणि चेंडू आणायला गेले.